वावडीचा खुंटा

शिंपी दिवसभर गुंड्या लावत असतो. पण एखादी गुंडी बोटांत धरून ती शिंपल्याची की लाकडाची, हे पाहत बसायला त्याला सवड नसते. मराठी शिकवणाऱ्यांचे वाक्प्रचारांशी असलेले नाते बरेचसे असेच असते. आम्ही दोघे पती-पत्नी गेली वीस वर्षे पलूस परिसरातील एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. या वीस वर्षांत ‘वावडी उठणे’ हा वाक्प्रचार आम्ही किती वेळा फळ्यावर लिहिला असेल, याची गणती नाही. अर्थ : अफवा पसरणे. वाक्यात उपयोग करा. मुले उपयोग करतात, आम्ही बरोबरची खूण करतो आणि पुढच्या वाक्प्रचाराकडे वळतो. वावडी म्हणजे मुळात पतंग, तोही मोठा, हे आम्हांला ठाऊक होते. वर्गात सांगितलेही होते. परंतु ठाऊक असणे आणि हाताला त्याची ओढ लागणे यांत केवढे अंतर आहे, ते आम्हांला २०२४ च्या आषाढात कळले. त्याच्याबरोबर आमच्या हातून सोळा वर्षांपूर्वी घडलेली एक गोष्टही नव्याने समोर आली. हा लेख त्या दोहोंविषयी आहे.

आमच्याकडचा आषाढ हा पावसापेक्षा वाऱ्याचा महिना आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस कोसळत असतो तेव्हा त्याचे ढग आमच्या डोक्यावरून नुसते धावत पूर्वेकडे जातात. अधूनमधून एखादी भुरभुर येते, ऊस सळसळतो, द्राक्षबागांच्या तारा वाजतात आणि पश्चिमेकडून, सागरेश्वरच्या डोंगराच्या बाजूने, वारा दिवसच्या दिवस एकाच दिशेने लोटत राहतो. याच वाऱ्यावर आमच्या जिल्ह्यात ढालगावच्या पठारावर आणि शिराळा तालुक्यात गुढे-पाचगणीला पवनचक्क्या उभ्या राहिल्या. मुंबई-गुजरातेकडे पतंगाचा दिवस म्हणजे मकरसंक्रांत. आमच्या लहानपणी मात्र पतंगाचा हंगाम आषाढात सुरू होई आणि नागपंचमीला त्याचा कळस होई. ज्या शब्दाने आम्ही वर्गात अफवा शिकवतो, तो शब्द या वाऱ्याच्या कुळातला आहे. वावटळ, वावधान आणि वावडी ही एकाच घरची भावंडे असावीत, असे त्यांच्या तोंडावळ्यावरूनच वाटते.

आमच्या घरी वावडीचे जाणकार म्हणजे आबा. आमच्यापैकी एकाचे ते वडील आणि दुसरीचे सासरे. आता एक्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांच्या लहानपणी ते जी वावडी करीत, ती पुरुषभर उंचीची, लांबट चौकोनी असे. बांबूच्या तासलेल्या कामट्या, त्यांवर खळीने चिकटवलेला कागद, खाली जुन्या लुगड्याच्या काठाची लांब शेपटी आणि ओढायला वाखाची वळलेली दोरी. मांजाचे येथे काम नसे. वावडी कोणाला काटायची नसते, तिला नुसते आभाळात उभे करायचे असते. कागद बहुधा रद्दीतला. पलूसच्या शेजारचे किर्लोस्करवाडी हे त्या काळी कारखान्याइतकेच मासिकांचेही गाव होते. १९२० साली निघालेले ‘किर्लोस्कर खबर’, १९३० चे ‘स्त्री’, १९३४ चे ‘मनोहर’ ही सारी तेथली. त्यांचे जुने अंक रद्दीत घरोघर असत आणि आबांच्या वावडीला त्यांची पाने लागत. मराठी वाङ्मयाच्या इतिहासाच्या तासाला ज्या मासिकांवर आम्ही टिपणे देतो, ती आमच्या सासऱ्यांनी-वडिलांनी पन्नास-साठ हातांवर उडवून पाहिली आहेत, याचे आम्हांला नेहमी हसू येते आणि थोडा हेवाही वाटतो.

आबांच्या मते वावडीचा जीव कागदात नसतो, कामट्यांतही नसतो; तो कण्णीत असतो. पतंगाच्या अंगाला दोन-तीन ठिकाणी बांधलेल्या आणि पुढे एका गाठीत मिळणाऱ्या दोऱ्या म्हणजे कण्णी. ही गाठ बोटभर वर की बोटभर खाली, यावर सारे ठरते. वरची दोरी जराशी आखूड केली की वावडी पुढे झुकते, वाऱ्यावर अलगद चढते आणि हाताला ओढ कमी लागते. ती लांब केली की वावडी वाऱ्यापुढे छाती काढून उभी राहते, दोरी ताणून धरते. आणि मर्यादेपलीकडे लांबवली तर चढेनाशी होते, गोते खाते. वारा तोच, पतंग तोच. फरक बोटभर गाठीचा. व्याकरण शिकवणाऱ्यांना हे नवे वाटू नये. वाक्यातही शब्द तेच असतात, एखाद्या प्रत्ययाने सारे वाक्य दुसरीकडे झुकते.

त्या आषाढात एकादशीच्या आधीच्या शनिवारी आमचा पुतण्या पुण्याहून आला, तो पाठीवर एक पिशवी घेऊन. गोव्यात मोरजीच्या किनाऱ्यावर पतंगाच्या ओढीने पाण्यावरून घसरत जाण्याचा खेळ शिकून आलेल्या एका मित्राकडून त्याने एक जुना पतंग विकत घेतला होता. पिशवी उघडली तर आत नुसते कापड. पसरल्यावर ते पाच चौरस मीटरांचे निघाले. लालसर, सुळसुळीत, दोन थरांचे. दोन थरांमध्ये शिवलेले कप्पे आणि पुढच्या कडेला त्या कप्प्यांची उघडी तोंडे. चार दोऱ्या, प्रत्येक पंचवीस मीटरांची, आणि धरायला दोन मुठी. प्रत्येक मुठीच्या वरच्या टोकाला पतंगाच्या पुढच्या भागाकडे जाणारी दोरी, खालच्या टोकाला मागच्या कडेकडे जाणारी.

आबा काठी टेकीत माळावर आले होते. त्यांनी कापड हाताने चाचपले.

“ह्यात कामट्या कुठायत?”

“नाहीत आबा. ह्याला कामट्याच नसतात.”

“मग ह्येला हाडं कशाची?”

“वाऱ्याची,” पुतण्या म्हणाला. “पुढून वारा आत शिरतो, कप्पे फुगतात आणि तेवढ्यावरच आकार राहतो.”

आबांनी मान हलवली. पण त्यांना ते पटलेले दिसले नाही.

या बिनहाडाच्या पतंगाची कुळकथा मोठी रंजक आहे. १९४८ साली अमेरिकेत फ्रान्सिस आणि गर्ट्रूड रोगॅलो या दांपत्याने सांगाड्याशिवाय उडणारा पतंग बनवला. त्यासाठी गर्ट्रूडबाईंनी स्वयंपाकघराच्या पडद्याचे कापड वापरले होते. पुढे १९६४ च्या सुमारास डॉमिना जॅलबर्ट याने कप्प्यांत वारा भरून पंखाचा आकार धरणारे कापड सिद्ध केले. आज साताऱ्याच्या पाचगणीला पठारावरून माणसे ज्या कापडी छत्राखाली तरंगत दरीत उतरतात, ते याच वंशातले. पतंगाला ओढायला लावण्याची कल्पना तर त्याहून जुनी आहे. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील जॉर्ज पोकॉक नावाचा शाळामास्तर पतंगांना गाडी जुंपून रस्त्याने हिंडत असे. त्याविषयीचे त्याचे पुस्तक १८२७ सालचे आहे. पतंग वळवण्यासाठी चार दोऱ्या वापरण्याची युक्ती त्याच्याकडेच होती. एका मास्तराने हे करावे, याचे आम्हांला विशेष कौतुक वाटले.

आमच्या माळावर मात्र कौतुक फार वेळ टिकले नाही. पुतण्याने मुठी धरल्या, आमच्या मुलाने दूर जाऊन पतंगाची कड उचलून धरली. कप्प्यांत वारा शिरला, कापड एकदम फुलले, थाडकन आवाज करून वर गेले. वीस-पंचवीस हात चढून थबकले आणि पाठीवर उताणे पडल्यासारखे मागे मागे सरकत खाली आले. पुन्हा उडवले, पुन्हा तेच. शिवाय हात सरळ धरले तरी पतंग आपोआप उजवीकडे ओढ घेत होता. वारा कमी आहे, वारा जास्त आहे, कापड जुने झाले आहे, असे सगळे तर्क झाले. तासाभराने आबा म्हणाले, “त्या चारी दोऱ्या एका खुंट्याला बांधा बघू.”

बांधल्या. खुंटा कसला, तर गोठ्यापुढचा बैलाचा खुंटा; बैल जाऊन आता बारा वर्षे झाली, खुंटा राहिला आहे. चारी दोऱ्या त्याला अडकवून दुसरी टोके एकत्र ताणली. पुढच्या दोन दोऱ्या मागच्यांपेक्षा चांगल्या चार बोटे लांब भरल्या. उजवीकडच्या मागच्या दोरीला मध्येच एक बारीक गाठ बसली होती. ती डावीपेक्षाही आणखी दोन बोटे आखूड झाली होती.

“बघा. वझं सगळं पुढल्या दोऱ्या उचलत्यात, म्हून त्या ताणून लांबल्या. मागल्या व्हत्या तेवढ्याच ऱ्हायल्या. आता तुम्ही काय बी न करता मागली कड ओढून धरल्यागत झालीया. ह्यो बिरेक लावूनच चाललाय की! चढंल कसा?”

पुतण्याने नंतर मोबाइलवर वाचून सांगितले, ते अक्षरशः हेच होते. वापरलेल्या पतंगाच्या पुढच्या दोऱ्या भाराने लांबतात. मागच्या त्या मानाने आखूड पडतात. पतंग सतत आवळलेला राहतो आणि मागे कोसळतो. त्यावर उपाय एकच. गाठ सोडवून दोन्ही बाजू समान करायच्या आणि मागच्या दोऱ्या सैल सोडायच्या, इतक्या की हात मोकळा असताना त्यांना वाऱ्यात थोडा झोल दिसला पाहिजे. ज्याने आयुष्यात असला पतंग पाहिला नव्हता, त्या माणसाने बिनकामटीच्या कापडातली कण्णी ओळखली होती. अर्ध्या तासाच्या गाठीगुंतीनंतर तोच पतंग सरळ डोक्यावर जाऊन उभा राहिला.

मग आम्हीही आळीपाळीने मुठी धरल्या. पतंग डोक्यावर असतो तेव्हा ओढ सौम्य असते. तो वळवून खाली, वाऱ्याच्या ऐन मध्यावर आणला की ती अशी वाढते की पाय उखडतात. आमच्यापैकी एकीला तिने ढेकळांतून चार पावले फरफटत नेले. वळवणे हेही आम्हांला वाटले होते त्यापेक्षा निराळे निघाले. लहान पतंगाला हिसका दिला की तो गर्रकन फिरतो. हा तसा फिरत नाही. डावीकडे वळवायचे तर डावी मागची दोरी खेचायची. त्या बाजूची कड खाली वाकते, ती बाजू मंदावते आणि मग उजवी बाजू तिच्याभोवती मोठे वळण घेत येते. खेचणे आणि वळणे यांच्यामध्ये एक क्षण काहीच घडत नाही. त्या क्षणी नवखा माणूस घाबरून आणखी ओढतो आणि पतंग पाडतो. आणि पाडायचाच असेल तर? पुतण्याने मनगटांना बांधलेले पट्टे दाखवले. ते मागच्या दोऱ्यांना जोडलेले असतात. मुठी सोडून दिल्या की पुढची ओढ नाहीशी होते, फक्त मागची कड ताणली जाते आणि एवढे दांडगे कापड फडफडत जमिनीवर येते. म्हणजे खाली आणण्याची सोय पहिल्यापासून धरणाऱ्याच्याच हाती दिलेली असते.

संध्याकाळी ओट्यावर चहा घेताना मुलाने विचारले, “आबा, तुमची वावडी एवढी मोठी, तर दिवसभर हात दुखत नव्हते?”

“हातात कोन धरतंय दिवसभर? एकदा वर जाऊन थिरावली की खुंट्याला बांधायची. आषाढाचा वारा पडत न्हाई. रातभर ऱ्हायाची.” वावडीच्या माथ्यावर ताणलेल्या दोरीला ते शिंदीच्या पानाची पट्टी लावीत, वाऱ्याने ती भुणभुणत राही. सारी वस्ती ती भुणभुण झोपेत ऐके. आबा पुढे म्हणाले, “खुंट्याला कुठं कळतंय, आपल्यावर काय बांधलंय. पर वावडी त्येच्याच जिवावर उभी असती.”

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. त्या क्षणी दोघांनाही एकच नाव आठवले होते, हे नंतर बोलताना कळले.

२००८ सालची गोष्ट. आमचे लग्न होऊन वर्ष झाले होते आणि दोघेही तासिका तत्त्वावर काम करीत होतो. दर मकरसंक्रांतीला कृष्णाकाठी औदुंबरला साहित्य संमेलन भरते. आमच्या भागातल्या मराठीच्या विद्यार्थ्याने पहिला लेखक प्रत्यक्ष पाहिलेला असतो तो बहुधा तेथेच. त्या वर्षी आम्ही वर्गातली दहा-बारा मुले घेऊन गेलो होतो. त्यांत दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी होती. तिचे नाव-गाव येथे देत नाही. कविता लिहीत असे, आणि बऱ्या लिहीत असे. तिची मावशी नदीपलीकडे भिलवडीला राहत होती. संमेलन संपल्यावर आपण मावशीकडे मुक्कामाला जाणार, परत तुमच्याबरोबर येणार नाही, असे तिने आम्हांला आदल्या दिवशीच सांगितले होते. वडिलांची चिठ्ठीही आणून दाखवली होती. वर्गातला एक मुलगा त्या दिवशी स्वतःच्या मोटारसायकलवर आला होता. तोही आमच्याबरोबर परतला नाही, कारण त्याला परतायचे कारणच नव्हते. एवढ्या दोन गोष्टींतून जे व्हायचे ते झाले. दोन दिवसांत महाविद्यालयात त्या दोघांच्या नावाची वावडी उठली.

प्राध्यापक-कक्षात ती आमच्यासमोर आली. कोणी तरी हसत विचारले, “काय हो, तुमच्या संमेलनाला कविता बऱ्याच रंगल्या म्हणे!” चिठ्ठी आम्ही पाहिली होती. एक वाक्य पुरे होते. आम्ही ते बोललो नाही. कारणे त्या वेळी वजनदार वाटली. आपली नोकरी तासावरची. ज्यांच्याशी वाद घालायचा ते कायम झालेले. मुलींना बाहेर नेण्याची जबाबदारी आपल्यावर येईल. आणि अशा गोष्टींचा खुलासा केला की त्या अधिकच पसरतात, हे शहाणपण तर सर्वांपाशी तयारच असते. आम्ही स्मित केले, असे आठवते. शिक्षकाचे स्मित हे पुष्कळांना दुजोऱ्यासारखे दिसते, हे आम्हांला तेव्हा कळायला हवे होते.

याहून वाईट पुढे आहे. त्याच आठवड्यात व्यावहारिक मराठीच्या तासाला वाक्प्रचार चालू होते. ‘वावडी उठणे’ आले. आमच्यापैकी एकाने – कोणी, याला महत्त्व नाही. त्या दिवसांत दुसऱ्यानेही ते सहज केले असते – ताजे उदाहरण म्हणून वाक्य सांगितले : ‘महाविद्यालयात सध्या एक वावडी उठली आहे.’ वर्ग खो-खो हसला. ती तिसऱ्या बाकावर होती. तिने वही मिटली. तास संपेपर्यंत ती उघडली नाही. फेब्रुवारीत ती यायची थांबली. वैशाखात तिच्या लग्नाची पत्रिका आली. आम्ही गेलो, अक्षता टाकल्या आणि जेवून आलो.

या सोळा वर्षांत आम्ही ही गोष्ट विसरलो नव्हतो; पण तिची मांडणी आमच्यापुरती सोयीची करून ठेवली होती. वावडी आम्ही उठवली नव्हती. आम्ही ती पुढे पोचवलीही नव्हती. वर्गातले ते वाक्य ही चूक होती. परंतु अफवा ही वाऱ्यासारखी असते, तिला कोण आवरणार, असे आम्ही स्वतःला सांगत आलो होतो. भाषेने या मांडणीला मोठा हातभार लावला. मराठीत वावड्या उठतात, कंड्या पिकतात, बोभाटा होतो, हूल उठते. सारी क्रियापदे अकर्मक. ‘उठवणे’ आणि ‘पिकवणे’ ही रूपे आहेत, नाहीत असे नाही. पण ती आपण दुसऱ्यांवर आरोप करताना वापरतो. आपण स्वतः ज्या खोलीत बसलेलो असतो, तेथे वावडी नेहमी आपली आपणच उठते. ‘म्हणतात’, ‘ऐकिवात आहे’, ‘बोलले जाते’. वाक्य पूर्ण असते आणि कर्ता जागेवर नसतो. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकेत कर्ता सुटला तर आम्ही अर्धा गुण कापतो.

मुठी हातात धरल्यावर या व्याकरणाचा खोटेपणा दंडांतून कळला. पतंग वाऱ्याने उडतो, हे अर्धेच खरे आहे. दोर तुटलेली वावडी वाऱ्यावरच असते, पण ती चढत नाही. गिरक्या घेत कोणाच्या तरी उसात जाऊन पडते. वारा तिला पुढे लोटतो आणि दोरी तिला मागे धरून ठेवते, या दोहोंच्या झटापटीत ती वर राहते. धरणारा नसेल तर वारा कितीही असो, उड्डाण नाही. अफवेचेही असेच असावे. कुतूहल, मत्सर, रिकामा वेळ हा तिचा वारा; तो प्रत्येक गावात, प्रत्येक कक्षात बाराही महिने असतो. तिला हाडे लागत नाहीत. पुतण्याच्या पतंगासारखी ती मिळेल त्या वाऱ्याने फुगून पंखाचा आकार धरते. परंतु तिला कोठे तरी बांधलेले असावे लागते. बोलणारे, हसणारे, विचारणारे तिची दोरी थोडा वेळ धरतात आणि दमून सोडतात. महिनोन् महिने तिला वर ठेवणारा तो नव्हे. वर ठेवणारा खुंटा असतो : ज्याला सत्य माहीत आहे, ज्याच्या शब्दाला किंमत आहे, आणि जो हलत नाही. आम्ही तो होतो. ‘सर-मॅडम बरोबर होते, त्यांनीसुद्धा नाही म्हटले नाही,’ हे वाक्य त्या महिन्यात किती जणांनी उच्चारले असेल, याचा आम्ही आता अंदाज करू शकतो. आणि मनगटाला बांधलेला पट्टा? तोही आमच्यापाशी होता. वडिलांची चिठ्ठी.

संत नामदेवांचे पतंगावरचे एक पद गुरु ग्रंथ साहिबात रामकली रागात आहे. कागद आणून मुलगा पतंग करतो, आभाळात सोडतो, सवंगड्यांशी गप्पा मारतो. पण त्याचे चित्त दोरीत असते. त्याच पदात पाण्याच्या घागरी डोक्यावर घेऊन हसत-बोलत चाललेल्या, पण घागरीचे भान न सुटलेल्या स्त्रिया आहेत. दूर चरणारी, वासरात जीव अडकलेली गाय आहे. हे पद आम्ही भक्तीतील एकाग्रतेचे उदाहरण म्हणून शिकवीत आलो आणि ते तसे आहेच. आता शिकवताना त्यातला मुलगा आमच्या डोळ्यांसमोर निराळा उभा राहतो. बोलण्याच्या गर्दीतही आपल्या हातात काय आहे, याचे भान त्याला आहे. आम्हांला नेमके तेवढेच नव्हते.

२०२५ च्या जूनमध्ये पलूसच्या एसटी स्थानकावर ती भेटली. प्रथम आम्ही ओळखले नाही. तिनेच पुढे येऊन नमस्कार केला. “सर, मॅडम, ओळखलंत का?” बरोबर मुलगी होती, अकरावीच्या प्रवेशासाठी आणलेली. मुलगी आईसारखीच खालच्या ओठाचा कोपरा दातांत धरून उभी होती.

“हिला मराठी आवडतं. कविता करते. संक्रांतीला औदुंबरला जायचं म्हणते.”

“जरूर पाठवा,” आम्ही म्हणालो. त्यापुढे काय म्हणायचे, हे आम्हांला वर्षभर ठाऊक होते. आम्ही ते घरी एकमेकांजवळ अनेकदा म्हणून पाहिले होते. माळावरच्या त्या पतंगासारखाच एक क्षण आला : दोरी खेचली आहे आणि अजून काहीच वळलेले नाही. आम्ही शब्द जुळवीत राहिलो.

तीच म्हणाली, “राहायचं काय, मावशी आहे अजून भिलवडीला.”

हे बोलताना तिने आमच्याकडे सरळ पाहिले. आवाजात राग नव्हता. मग गाडी लागली, तिने मुलीची पिशवी उचलली, “येते” म्हणाली आणि दोघी चढल्या.

त्यानंतर आम्ही वाक्प्रचारांच्या तासाला एक बदल केला आहे. ‘वाक्यात उपयोग करा’ याबरोबर आम्ही मुलांना ‘कर्ता शोधा’ असेही सांगतो. ‘गावात वावडी उठली.’ कोणी उठवली? कोणी ऐकली? खरे कोणाला माहीत होते? मुलांना हा खेळ वाटतो. काहींना वाटत नाही. त्यांच्याकडे आम्ही पाहतो.

हे सारे तिला उपयोगाचे नाही, याची जाणीव आम्हांला आहे. तिचे तिसरे वर्ष परत येणार नाही आणि मिटलेली वहीही. तरी एक वाक्य आमच्याकडे सतरा वर्षे राहून गेले आहे. ते प्राध्यापक-कक्षात बोलायचे होते, मग वर्गात, मग स्थानकावर. येथे लिहून ठेवतो. २००८ च्या संक्रांतीच्या रात्री ती भिलवडीला आपल्या मावशीकडे मुक्कामाला होती, आणि हे आम्हांला आदल्या दिवसापासून माहीत होते.